अहवाल उघडेना!

[संगणकावर लिहिलेला मजकूर कधी कधी दुसऱ्या संगणकावर उघडतच नाही, किंवा उघडला तर ओळखू येत नाही. असे का होते, तो मजकूर परत कसा मिळवावा आणि तयार अहवाल कचेरीत कसा न्यावा, हे या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, 'अहवाल' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. अरबी भाषेत 'हाल' म्हणजे स्थिती आणि 'अहवाल' हे त्याचे अनेकवचन. तुमच्या उर्दूत तो याच अर्थाने येतो. मराठीत आल्यावर मात्र तो एकवचनी झाला आणि त्याला नवे काम मिळाले. एखाद्या गोष्टीची पाहणी करून लिहिलेली हकीकत म्हणजे अहवाल. कागद, शाई, तारीख, नक्कल, मजकूर, दस्तऐवज हे शब्दही असेच दोन्ही भाषांत नांदतात. 'दप्तर' या शब्दाची तर गंमतच आहे. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, पण मराठी मुलगा रोज सकाळी दप्तर पाठीवर घेऊन शाळेत जातो!

आता असे समजा, की तुमच्या नववीच्या वर्गाने वस्तीतील पाण्याची पाहणी केली. तुमची वस्ती मालेगावात असेल, भिवंडीत असेल किंवा मुंबईतील कुर्ल्यात असेल. तीन आठवडे तुम्ही चाळीस घरी गेलात. नळाला पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, किती हंडे भरतात, पाण्यासाठी रात्री कोण जागते, हे सारे विचारलेत. घरोघरच्या अम्मी, खाला आणि दादी यांनी उर्दूत उत्तरे दिली आणि तुम्ही ती उर्दूतच लिहून घेतलीत. पण अर्ज जायचा होता महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ या कायद्याने मराठी ही राज्याच्या कारभाराची भाषा ठरली आहे. म्हणून तुम्ही अहवाल मराठीत लिहिलात आणि बायकांचे शब्द जसेच्या तसे राहावेत, यासाठी त्यांची उर्दू उत्तरे मागे जोडलीत. एका फाईलमध्ये दोन लिप्या आल्या. एक डावीकडून उजवीकडे धावणारी, दुसरी उजवीकडून डावीकडे.

सोमवारी अकरा वाजता साहेबांनी भेटीची वेळ दिली. तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन गेलात. लिपिकांनी फाईल उघडली आणि पडद्यावर काय दिसले? चौकोन, चौकोन आणि चौकोन. "बाळांनो, यात तर काहीच नाही," असे म्हणून त्यांनी पेनड्राइव्ह परत केला. रात्री तीन वाजता उठून हंडे भरणाऱ्या त्या दादीचे म्हणणे चौकोनांच्या मागे अडकून राहिले.

खरे पाहता, त्या फाईलमध्ये सगळे काही होते. ते कसे, हे समजून घेऊ.

चांगला हकीम रोग्याची नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. फाईलचेही तसेच आहे. पण नाडी पाहण्याच्याही आधी एक काम करावे. बिघडलेल्या फाईलची नक्कल करून ठेवावी आणि सारे उपाय त्या नकलेवरच करावेत. घाबरलेला माणूस बिघडलेली फाईल उघडतो, काहीतरी खटपट करतो आणि सवयीने 'सेव्ह' दाबतो. त्या क्षणी बिघाड पक्का होतो. माझ्या मते फाईल खराब झाल्याने जेवढा मजकूर जातो, त्याहून जास्त या घाईमुळे जातो.

मग दोन प्रश्न विचारावेत. हीच फाईल दुसऱ्या संगणकावर नीट उघडते का? आणि याच संगणकावर दुसरी एखादी फाईल नीट उघडते का? पहिल्याचे उत्तर 'होय' असेल, तर फाईल ठणठणीत आहे, दोष त्या संगणकात आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तरी तेच. या दोन प्रश्नांनी अर्धे निदान होते. पुष्कळ लोक ते विचारत नाहीत आणि सगळा मजकूर पुन्हा टंकित करायला बसतात.

आता पडद्यावर काय दिसते, ते बारकाईने पाहावे. सगळी चुकीची अक्षरे सारखी नसतात.

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. फाईलमध्ये हे क्रमांक साठवलेले असतात. 'फाँट' म्हणजे अक्षरांच्या आकारांची पेटी. संगणक क्रमांक वाचतो, पेटीतून त्या क्रमांकाचा आकार काढतो आणि पडद्यावर मांडतो. जगातील सर्व लिप्यांना मिळून एकच क्रमांकयादी असावी, या विचाराने १९९१ साली 'युनिकोड' ही यादी प्रसिद्ध झाली. या यादीत देवनागरी 'क' चा क्रमांक २३२५ आहे, तर उर्दूच्या 'काफ'चा १७०५. हे क्रमांक मुंबईत, कराचीत आणि लंडनमध्ये सारखेच.

पडद्यावर रिकामे चौकोन दिसले, तर क्रमांक बरोबर आहे, पण पेटीत त्याचा आकार नाही, असे समजावे. मजकूर सुखरूप असतो. तो निवडावा आणि फाँट बदलावा. विंडोजमध्ये देवनागरीसाठी 'मंगल' किंवा 'निर्मला' हे फाँट असतात. नस्तालीकसाठी 'उर्दू टाइपसेटिंग' असतो. गूगलचा 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फाँटही मोफत मिळतो. प्रभाग कार्यालयातल्या त्या संगणकावर दहा सेकंदांचे काम होते.

चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर प्रकरण वेगळे आहे. युनिकोड सर्वत्र पोहोचण्यापूर्वी आपल्याकडे एक युक्ती वापरली जात असे. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवायचे आणि पेटीत मात्र इंग्रजी आकारांच्या जागी देवनागरी आकार भरायचे. हिंदी कचेऱ्यांत प्रसिद्ध असलेला 'कृतिदेव' हा असाच फाँट. त्यात 'भारत' लिहायचे, तर एच, के, के, जे, आर या कळा दाबाव्या लागतात. एच म्हणजे अर्धा 'भ', के म्हणजे काना. म्हणून पहिल्या 'के'ने अर्धा 'भ' पूर्ण होतो आणि दुसऱ्याने 'भा' होतो. जोवर कृतिदेव फाँट आहे, तोवर पडद्यावर 'भारत' दिसते. फाँट नसला, की उरतात ती नुसती पाच इंग्रजी अक्षरे. वाचणाऱ्याला वाटते, फाईल सडली. ती सडलेली नसते, तिने फक्त पोशाख उतरवलेला असतो. तो जुना फाँट बसवावा, म्हणजे मजकूर दिसतो. कायमचा उपाय हवा असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक मिळतात, त्यांतून तो काढावा.

मात्र परिवर्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 'कि' हे अक्षर घ्या. ऱ्हस्व वेलांटी आपण 'क'च्या आधी काढतो, पण उच्चारतो नंतर. जुने फाँट ती दिसते त्या क्रमाने, म्हणजे आधी साठवत. युनिकोड ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे नंतर साठवते. रफाराचेही असेच उलटसुलट. परिवर्तकाला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षर आले, की तो कधी कधी अडखळतो. म्हणून परिवर्तनानंतर वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे मूळ मजकुराशी ताडून पाहावीत. मराठीत 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. डोंगरांच्या असतात त्या दऱ्या. दर्या म्हणजे समुद्र. (तुमच्या उर्दूत दरिया म्हणजे नदी, हेही लक्षात ठेवा.) परिवर्तकाने एकाचे दुसरे केले, तर 'डोंगरदऱ्यांतील झरे' समुद्रात जाऊन पडतील.

तिसरे लक्षण सर्वांत वाईट. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे. कोणीतरी तो मजकूर जुन्या, इंग्रजीपुरत्या क्रमांकयादीत साठवला, असा याचा अर्थ होतो. त्या यादीत मराठी आणि उर्दू अक्षरांना जागाच नव्हती. संगणकाने प्रत्येक अक्षर फेकून दिले आणि त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले. इथे फाँट बदलून काही होत नाही. खरा क्रमांक उरलेलाच नाही. आधीची प्रत शोधावी, एवढाच इलाज आहे. नोटपॅडमध्ये मजकूर साठवताना खाली 'एन्कोडिंग' असा रकाना असतो. तिथे 'यूटीएफ-८' निवडले, की हे संकट येत नाही.

चौथे लक्षण भयंकर दिसते, पण निरुपद्रवी असते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्या शेजारी एक चमत्कारिक चिन्ह, अशी जोडी ओळीभर पुन्हा पुन्हा येते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन तुकड्यांत आणि उर्दूचे दोन तुकड्यांत साठवले जाते. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला हे सांगितले नाही, तर तो प्रत्येक तुकड्याला वेगळे अक्षर समजतो. फाईल बंद करावी. पुन्हा उघडताना यूटीएफ-८ पद्धत निवडावी. मजकूर जसाच्या तसा हजर होतो.

उर्दूची वाट याहून अवघड होती. देवनागरीत अक्षरे ओळीला टांगून एकापुढे एक ठेवता येतात. नस्तालीकमध्ये प्रत्येक अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलते आणि शब्द वरून खाली उतरत जातो. म्हणून छापखाने आले, तरी उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या बोरूनेच लिहिली जात राहिली. चेन्नईचे 'द मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेले दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात होते. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे २०,००० अक्षरगुच्छ स्वतः लिहून संगणकासाठी तयार केले. हाच 'नूरी नस्तालीक'. त्या वर्षी पाकिस्तानातील 'जंग' हे दैनिक या लिपीत संगणकावर जुळवले जाऊ लागले. पुढे १९९४ साली भारतात 'इनपेज' हा प्रोग्रॅम तयार झाला आणि उर्दू मुद्रणाचे चित्र पालटले. तुमची जुनी पाठ्यपुस्तके, लग्नपत्रिका, मुशायऱ्याच्या जाहिराती यांतील पुष्कळ मजकूर इनपेजवर जुळवलेला असतो.

पण जुन्या इनपेजचे क्रमांक त्याचे स्वतःचे होते. त्यातला मजकूर उचलून वर्डमध्ये चिकटवला, तर काहीच्या बाही दिसते. नंतरच्या आवृत्त्यांत युनिकोडची सोय आली. तुमच्या शाळेतील उर्दू शिक्षकांची जुनी इनपेज फाईल असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये काढावी आणि मगच अहवालाला जोडावी.

एक छुपी अडचण उर्दू लिहिणाऱ्यांनाच येते. अरबी कळफलकावरचा 'काफ' आणि उर्दू कळफलकावरचा 'काफ' दिसायला शब्दात जवळजवळ सारखे, पण अरबी काफचा क्रमांक १६०३ आहे आणि उर्दू काफचा १७०५. 'ये'चेही तसेच. अरबी 'ये' १६१०, उर्दूची 'छोटी ये' १७४०. समजा, अर्ध्या मुलांनी मोबाइलवर अरबी कळफलक लावून उत्तरे टंकित केली आणि अर्ध्यांनी उर्दू कळफलक लावून. मग 'पानी' हा शब्द अहवालात किती वेळा आला, हे शोधले, तर संगणक निम्मेच दाखवील. डोळ्यांना शब्द दिसतो आहे आणि संगणक म्हणतो, 'नाही'! अशा वेळी 'रिप्लेस' ही आज्ञा वापरून एक 'ये' सर्वत्र बदलून घ्यावी.

मराठी परिच्छेदात उर्दू शब्द आला, की पूर्णविराम आणि कंस भलत्या टोकाला उडी मारतात. कंस आणि विराम यांना स्वतःची दिशा नसते, ते परिच्छेदाच्या दिशेने चालतात. उर्दू परिच्छेदात कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवीकडची शिफ्ट ही कळ दाबावी, परिच्छेद उजवीकडून सुरू होतो. मराठीसाठी कंट्रोल आणि डावीकडची शिफ्ट. मजकूर नुसता उजव्या समासाला सरकवला, म्हणजे दिशा बदलली, असे नव्हे. हा गैरसमज मोठ्या माणसांतही आढळतो.

आता खरोखर बिघडलेल्या फाईलकडे वळू. वर्ड ती उघडायलाच नकार देते, 'फाईल खराब आहे' असा संदेश येतो. विजेचा लपंडाव आणि घाईने ओढलेला पेनड्राइव्ह ही याची नेहमीची कारणे. पेनड्राइव्हवर लिहिणे पूर्ण होण्याआधीच तो काढला, तर फाईलचे शेपूट राहून जाते. म्हणून तो आधी 'इजेक्ट' करावा. आणखी चांगले म्हणजे, पेनड्राइव्हवर काम करूच नये. फाईल संगणकावर घ्यावी, काम करावे आणि शेवटी नक्कल पेनड्राइव्हवर टाकावी.

वर्डमध्ये फाईल उघडण्याच्या खिडकीत 'ओपन' या बटणाशेजारी एक छोटा बाण असतो. त्यात 'ओपन अँड रिपेअर' हा पर्याय दडलेला आहे. तो आधी करून पाहावा. तेवढ्याने भागले नाही, तर 'लिबरऑफिस' या मोफत प्रोग्रॅममध्ये फाईल उघडून पाहावी. वर्डने नाकारलेली फाईल तो कधी कधी मुकाट्याने उघडतो.

याहून एक मजेदार उपाय आहे. २००७ सालापासून वर्डच्या फाईलच्या नावापुढे 'डीओसीएक्स' अशी अक्षरे येऊ लागली. ही फाईल म्हणजे एक बंद पेटी असते. तीत मजकूर एका कागदावर, चित्रे वेगळ्या कप्प्यात, मांडणीचे नियम तिसरीकडे, असे सगळे दाबून भरलेले असते. दाबून भरण्याच्या या पद्धतीला 'झिप' म्हणतात. अशी फाईल नोटपॅडमध्ये उघडली, तर सुरुवातीलाच 'पी' आणि 'के' ही दोन अक्षरे दिसतात. ही पद्धत तयार करणारे फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. कोट्यवधी अहवालांच्या कपाळावर त्यांची सही आहे आणि कोणी ती पाहत नाही! तर फाईलच्या नकलेचे नाव बदलून शेवटी 'डीओसीएक्स'ऐवजी 'झिप' करावे आणि पेटी उघडावी. आत 'वर्ड' नावाचा कप्पा असतो. त्यातील 'डॉक्युमेंट' या फाईलमध्ये तुमचा मजकूर आणि 'मीडिया' या कप्प्यात नळांची छायाचित्रे. पेटीचे झाकण मोडले असले, तरी पुष्कळदा आतले सामान शाबूत असते.

कधी फाईल उघडते, पण विचित्र वागते. आकडे आपोआप बदलतात, पाने रिकामी पडतात. वर्ड मांडणीची बरीचशी माहिती शेवटच्या परिच्छेदचिन्हात ठेवते. म्हणून ते शेवटचे चिन्ह सोडून बाकी सगळा मजकूर उचलावा आणि नव्या फाईलमध्ये चिकटवावा. सगळ्याच फाईली अशा वागू लागल्या, तर दोष फाईलचा नाही, प्रोग्रॅमचा आहे. कंट्रोल कळ दाबून धरून वर्ड सुरू करावे, ते 'सुरक्षित' अवस्थेत उघडते आणि खात्री करता येते.

वीज गेली, तर? वर्ड आपण न सांगता दर दहा मिनिटांनी एक तात्पुरती नक्कल करून ठेवते. वीज आल्यावर वर्ड उघडले, की ती समोर येते. पण ती तात्पुरतीच. ती लगेच नाव देऊन साठवावी. शिवाय दहा मिनिटांत एक पान लिहून होते. दर परिच्छेदानंतर कंट्रोल आणि एस दाबण्याची बोटांना सवय लावावी.

नावाबद्दल थोडे. 'पाणी अहवाल अंतिम', 'पाणी अहवाल अंतिम नवा', 'खरोखर अंतिम' अशी नावे तुम्ही पाहिली असतील. यांतला खरा अंतिम कोणता, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. फाईली आपोआप क्रमाने लागतात.

आता चाळीस घरांच्या तक्त्याकडे येऊ. तो तुम्ही एक्सेलमध्ये भरला असेल. तिथे एक सापळा आहे. घर क्रमांक ५/२ असा टंकित केला, की एक्सेल त्याला तारीख समजते आणि 'पाच फेब्रुवारी' लिहून मोकळे होते. नंतर तो रकाना 'मजकूर' असा बदलला, तर घर क्रमांकाऐवजी एक पाच आकडी संख्या येते. घराचा क्रमांक २०२४ साली लिहिला असेल, तर ४५३२७. एक्सेल १९०० सालापासूनचे दिवस मोजत बसलेले असते. यात तुम्हीच अडखळलात, असे समजू नका. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावेच बदलली, कारण एक्सेल त्यांचे मार्च आणि सप्टेंबर करून टाकत होते! उपाय सोपा आहे. क्रमांक लिहिण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करावा. दूरध्वनी क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्यही त्यामुळे वाचते.

तक्ता अहवालात आणताना नुसता चिकटवावा, मूळ फाईलशी 'लिंक' करू नये. लिंक केलेला तक्ता आकडे मूळ एक्सेल फाईलमधून आणतो. ती फाईल राहिली शाळेत आणि अहवाल गेला कचेरीत, मग जुनेच आकडे दिसत राहतात. तक्ता पानापेक्षा रुंद असेल, तर अक्षरे मुंगीएवढी करू नका. त्या भागाच्या आधी व नंतर 'सेक्शन ब्रेक' द्यावा आणि तेवढे पान आडवे करावे. साहेबांना चष्मा असतो, हे ध्यानात ठेवावे. तक्ता दोन पानांवर जात असेल, तर शीर्षकाची ओळ दुसऱ्या पानावरही येईल, अशी सोय 'रिपीट हेडर रोज' या आज्ञेने होते.

राहिला शेवटचा टप्पा. लिहिण्यासाठीची फाईल वेगळी आणि देण्यासाठीची वेगळी, हे मनाशी पक्के करावे. अ‍ॅडोबी या कंपनीने १९९३ साली 'पीडीएफ' हा प्रकार आणला, तो देण्यासाठी. त्यात मजकुराबरोबर अक्षरांचे आकारही बांधून पाठवता येतात. मग समोरच्या संगणकावर नस्तालीक असो वा नसो, दादीचे शब्द नस्तालीकमध्येच दिसतात. वर्डमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करून पीडीएफ निवडावे. तिथल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'पीडीएफ-ए' असा पर्याय असतो. तो निवडला, की फाँट आत बांधले जातातच. नुसते फाईलचे नाव बदलून शेवटी 'पीडीएफ' लिहू नका. टोपी बदलल्याने डोके बदलत नाही.

पीडीएफ केली, म्हणून वर्डची फाईल पुसून टाकू नका. पीडीएफला अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा ठाऊक असतात, पण मजकुराचा क्रम नीट ठाऊक असेलच, असे नाही. तिच्यातून मराठी किंवा उर्दू उचलून दुसरीकडे चिकटवले, तर वेलांट्या सुटतात, शब्द उलटतात. पुढच्या वर्षी दहा घरे वाढवायची झाली, तर मूळ फाईलच लागेल.

पीडीएफ ज्या संगणकावर केली, तिथेच पाहून समाधान मानू नये. तो फाँट तिथे आहेच. ती मैत्रिणीच्या मोबाइलवर उघडावी, सायबर कॅफेत उघडावी. तिथे पान पान उलटून पाहावे. पहिल्या पानावर सर्व ठीक असते आणि सातव्या पानावरच्या उर्दू उत्तरांत चौकोन निघतात.

सोमवारी जाताना पीडीएफ, वर्डची फाईल आणि तक्त्याची फाईल अशा तिन्ही पेनड्राइव्हवर असू द्या. शिवाय अहवालाच्या दोन छापील प्रती बरोबर घ्या. एक प्रत कार्यालयात द्यावी. दुसऱ्या प्रतीवर 'मिळाली' असा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. या शिक्क्यावर आवक क्रमांक असतो. पाण्याची वेळ बदलली की नाही, हे विचारायला तुम्ही पुन्हा जाल, तेव्हा लिपिक फाईलचे नाव विचारणार नाहीत, तो क्रमांक विचारतील.

स्वाध्याय

१. चौकोन आणि प्रश्नचिन्हे यांपैकी कोणते लक्षण अधिक वाईट? का?

२. 'कि' हे अक्षर जुन्या फाँटमध्ये आणि युनिकोडमध्ये कोणत्या क्रमाने साठवले जाते?

३. अहवाल, दप्तर, मजकूर, दर्या या शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ लिहा. अर्थ बदललेले आणखी चार शब्द शोधा.

४. उपक्रम : वर्डमध्ये 'क' टंकित करा. त्याच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकदम दाबा. 'क'च्या जागी त्याचा क्रमांक संगणकाच्या सोळा आकड्यांच्या मोजणीत दिसेल. पुन्हा त्याच कळा दाबल्या, की 'क' परत येईल. हाच प्रयोग उर्दू कळफलकावरच्या 'काफ'वर आणि अरबी कळफलकावरच्या 'काफ'वर करा. दोन्ही क्रमांक वहीत लिहून घ्या.